आईच्या गाठीला केमोची सवय झाली का? आणि मग तेच औषध परत का देतात?

तासगाव_बागायतदार

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. आमच्या आईला (वय ६१) अंडाशयाचा कॅन्सर आहे. पोट फुगलंय म्हणून आधी गॅसच्या गोळ्या झाल्या, मग मिरजेला दाखवलं तर पोटात पाणी झालेलं, तिथून पुढं ऑपरेशन आणि मग पॅक्लिटॅक्सेल अन् कार्बोप्लॅटिनचे सहा डोस, दर एकवीस दिवसांनी. सीए-१२५ (रक्तातली या कॅन्सरची खूण) सुरुवातीला आठशेच्या वर होतं ते शेवटच्या डोसनंतर १४ झालं (३५ च्या खाली नॉर्मल धरतात), केस परत आले, आई बायकांच्या बरोबर विरळणीला सुद्धा जायला लागली, आम्ही म्हणलं सुटलो. चौदा महिने चांगले गेले. मागच्या महिन्यात रिपोर्ट ९६ आला आणि स्कॅनमधे परत बारक्या गाठी.

आता पै-पाव्हणे सगळे एकच सांगतायत, शरीराला औषधाची सवय झाली, आता केमो लागू पडायची नाही, कशाला म्हातारीचे हाल करताय. आणि डॉक्टर म्हणतायत कार्बोप्लॅटिन परत द्यायचं, जोडीचं औषध तेवढं बदलायचं. माझं डोकं इथंच अडकलंय. गाठ जर त्या औषधाला पुरून उरली असेल तर तेच परत कशासाठी?

दुसरं असं की पहिल्या खेपेला डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते, केमो पेशीला मारत नाही, पेशी आपली आपण मरते, औषध निमित्त असतं. तेव्हा गडबडीत विचारायचं राहिलं आणि आता ते डोक्यातून जाईना. मरायचं का नाही हे जर पेशीनंच ठरवायचं असेल तर कॅन्सरची पेशी कशाला मरेल? मी बारावी सायन्स करून शेतीत आलोय, तेवढं धरून सांगा. गुगलवर एकतर सगळं इंग्लिश नाहीतर गोमूत्र.

मिरज_मेडिकल

दादा, माझं औषधाचं दुकान आहे त्यामुळं 'सवय झाली' हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकतो. आजार परत आला आणि औषध चालंना झालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंडाशयाच्या कॅन्सरमधे प्लॅटिनमचा (कार्बोप्लॅटिन त्यातलंच) शेवटचा डोस झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत उलटला तर प्लॅटिनम-रेझिस्टंट म्हणायचं आणि सहाच्या पुढं गेला तर सेन्सिटिव्ह धरायचा अशी जुनी पद्धत आहे. तुमचे चौदा गेलेत. म्हणून तेच परत देतायत आणि बऱ्याच जणींना परत लागू पडतं, डोळ्यानं बघितलंय. आता सहा महिने ही रेघ माणसांनी मारलेली आहे, पेशी काय कालनिर्णय बघून वागत नाहीत, पण अंदाजाला बरी पडते.

आतलं शास्त्र काऊंटरवरून सांगणं आपल्याला जमणार नाही, पेशीवाली ताई इथं असतात त्या बोलतील. पाव्हण्यांना चहा पाजून वाटेला लावा.

पेशीवाली_सातारा

आहे आहे. मी साताऱ्याची, पुण्यात एका लॅबमधे कॅन्सरच्या पेशी वाढवते आणि मग मारते, हाच धंदा. डॉक्टर नाही, त्यामुळं आईच्या ट्रीटमेंटचं डॉक्टर सांगतील तेच. पण तुमच्या डॉक्टरांचं ते 'निमित्त' मला फार आवडलं, खरंच तसंच आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत मरायची सोय आधीपासून करून ठेवलेली असते आणि ती रोज वापरली जाते, मोठ्या माणसाच्या अंगात दिवसाला पाच ते सात हजार कोटी पेशी अशा मरतात आणि आपल्याला पत्ता पण लागत नाही. पोटात असताना बाळाच्या बोटांच्या मधे पातळ पडदा असतो तो असाच जातो, बेडकाच्या पिल्लाची शेपूट पण. एक मिलिमीटरचा एक कृमी आहे, लॅबवाल्यांचा लाडका, त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात, दर वेळी त्याच. त्या कृमीवर ज्यांनी आयुष्य घातलं त्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. या मरण्याला १९७२ साली कर, वायली आणि करी या तिघांनी अपॉप्टोसिस असं नाव दिलं, ग्रीकमधे त्याचा अर्थ पानं गळणं. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला सांगायला नको, वाऱ्यानं फांदी मोडणं वेगळं आणि पान पिकून देठापासून सुटणं वेगळं. भाजलं, ठेचलं की पेशी फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, सूज येते. अपॉप्टोसिसमधे पेशी आकसते, स्वतःचा डीएनए कापते, स्वतःच्या पुड्या बांधते, पुडीवर 'मला खा' अशी खूण लावते आणि बाजूच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. कुठं सांडलवंड नाही.

आता कार्बोप्लॅटिन काय करतं तर त्यातला प्लॅटिनमचा अणू पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतो, शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकाला डांबून टाकतो. (प्लॅटिनमचा हा गुण सापडला तो पण योगायोगानं, १९६५ मधे रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ बॅक्टेरियावर विजेचा परिणाम बघत होते, बॅक्टेरिया वाढायचे पण दोन व्हायचेच नाहीत, शेवटी कळलं की वीज नाही, प्लॅटिनमच्या तारेतून काहीतरी सुटतंय ते हे करतंय.) नुसतं डांबल्यानं पेशी मरत नाही हं, हे लक्षात घ्या. पेशीत पहारेकरी असतात, त्यातला मोठा पी५३. तो आधी पेशीला थांबवतो, दुरुस्ती होते का बघतो, होत असली तर सोडून देतो आणि नसली होत तर मरणाचा निरोप खाली पाठवतो. तो निरोप पोचतो मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे बारावीत आपण पेशीचं पॉवरहाऊस म्हणून पाठ केलं ते. त्याच्या भिंतीवर बॅक्स आणि बॅक नावाची प्रथिनं भोकं पाडतात आणि आतून सायटोक्रोम-सी बाहेर येतं. हे सायटोक्रोम-सी एरवी ऊर्जा तयार करायच्या कामातलं गरीब प्रथिन, तेच बाहेर सांडलं की मरणाची घंटा होते हे १९९६ साली शाओडाँग वांग यांनी दाखवलं तेव्हा लोकांना खरं वाटेना. ते बाहेर आलं की कॅस्पेस नावाच्या कात्र्या सुरू होतात, नऊ नंबरची तीन नंबरच्या कात्रीला उघडते आणि तीन नंबर दिसेल ते कापत सुटते. तिथून परत फिरणं जवळपास नाहीच.

आणि बॅक्स-बॅकला भोकं पाडू न देणारी पण प्रथिनं आहेत, बीसीएल-२ आणि त्याची भावंडं. म्हणजे एकीकडं ढकलणारे, एकीकडं धरून ठेवणारे. पेशी मरणार का नाही हे औषधाच्या ताकदीइतकंच ती पेशी आधीपासून काठाच्या किती जवळ उभी आहे यावर ठरतं. सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं सांगितलं की लगेच कळेल. धोका पातळी ४५ फूट. पाणी आधीच ४४ ला असलं तर एका रात्रीच्या पावसानं पेठेत पाणी, आणि १५ ला असलं तर कोयनेतून बरंच पाणी सोडलं तरी लोक पुलावर उभं राहून फोटो काढतात. पुरुषांच्या अंडकोषाच्या कॅन्सरच्या पेशी ४४ फुटावर असल्यासारख्या असतात, म्हणून त्यातले बहुतेक रुग्ण प्लॅटिनमनं पूर्ण बरे होतात, पसरलेला असला तरी. काही कॅन्सर पंधराला असतात, कितीही ओता.

हाताला कळ लागली, बाकीचं जेवून येऊन.

तासगाव_बागायतदार

ताई, सकाळी फवारणीचा ब्लोअर चालू असताना वाचलं आणि परत दुपारी वाचलं. ४४ फुटाचं डोक्यात बसलं. पण मग पी५३ नावाचा पहारेकरी जर कॅन्सरच्या पेशीत नीट असता तर कॅन्सर झालाच नसता ना? आईच्या बायोप्सीच्या कागदावर 'पी५३ म्युटंट पॅटर्न' असं लिहिलंय, आत्ता फाईल काढून बघितली. म्हणजे तिच्या गाठीत पहारेकरी मेलेलाच आहे, मग पहिल्या वेळी ८०० चं १४ कसं झालं?

आणि आमच्या धंद्यातलं एक डोक्यात आलंय, चुकीचं असलं तर सांगा. द्राक्षावर डाऊनी रोगाला आम्ही मेटालॅक्झिल मारतो, पानात भिनतं, आंतरप्रवाही. ते एकटंच सारखं सारखं मारलं की दोन-चार हंगामात रोग त्याला जुमानत नाही, म्हणून कंपन्या ते मॅन्कोझेब घालूनच विकतात. मॅन्कोझेब आणि बोर्डो मात्र आमच्या आज्यापासून मारतोय, त्याला रोग सरावल्याचं कोण सांगत नाही. कृषी अधिकारी सांगतात की मेटालॅक्झिल रोगाच्या एकाच कळीवर बोट ठेवतं आणि मॅन्कोझेब दहा ठिकाणी मारतं. कॅन्सरचं पण असंच काय?

पेशीवाली_सातारा

दादा तुम्ही शेतीत गेलात हे लॅबचं नुकसान झालं.

आधी पी५३. अंडाशयाचा जो सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आहे, हाय ग्रेड सीरस, त्यात जवळजवळ सगळ्यांचाच पी५३ बिघडलेला असतो, २०११ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात ९६ टक्के गाठींमधे निघाला. तरी याच कॅन्सरला पहिल्या वेळी प्लॅटिनम बहुतेक वेळा छान लागू पडतं. कारण पी५३ हा एकच रस्ता नाही. पहारेकरी नसल्यामुळं पेशी तुटका डीएनए घेऊन तशीच विभागायला जाते, गुणसूत्रं धड वाटली जात नाहीत आणि त्या गोंधळातच ती संपते. शिवाय यातल्या बऱ्याच गाठींची डीएनए दुरुस्तीची सोयच मोडकी असते, बीआरसीए नावाची जीन ऐकली असेल. दुरुस्ती येत नाही हाच तिचा कॅन्सर व्हायचं एक कारण आणि तेच प्लॅटिनमला तिचं सापडलेलं वर्म. यातली गंमत बघा (गंमत म्हणू नये पण), अशी गाठ कधीकधी त्या मोडक्या बीआरसीएमधे आणखी एक बदल होऊन ती जीन परत चालू करून बसते. दुरुस्ती सुरू, प्लॅटिनम निकामी. आईची बीआरसीए टेस्ट झालीय का ते फाईलमधे बघा, झाली नसेल तर विचारा, कारण त्यावर ओलापॅरिबसारख्या गोळ्या देता येतात का ते ठरतं.

आता बाग. तुमचं उदाहरण बरोबर आहे, मी माझ्या विद्यार्थ्यांना उद्या हेच सांगणार. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी धरतात. समजा दहा लाखातली एक थोडी वेगळी निघाली, तरी औषधाचा पहिला थेंब जायच्या आधीच त्या गाठीत हजार पेशी अशा आहेत ज्यांना ते औषध लागणार नाही. औषधानं त्यांना काही शिकवलं नाही, सवय लावली नाही, फक्त त्यांच्या आजूबाजूची गर्दी साफ करून दिली. १९४३ मधे लुरिया आणि डेलब्रुक यांनी बॅक्टेरियावर हेच दाखवलं होतं, की व्हायरस टाकल्यावर वाचलेले बॅक्टेरिया हे व्हायरसला घाबरून बदललेले नव्हते, ते आधीच तसे होते. त्यामुळं पाव्हण्यांचं 'शरीराला सवय' दोन ठिकाणी चुकतं. बदल झालाच तर गाठीत होतो, आईच्या शरीरात नाही, आणि ती सवय नसते, निवड असते.

पण बाग आणि गाठ यात एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. डाऊनी ही बाहेरची, बुरशीसारखी जात, तिच्या शरीराची रचनाच वेगळी, म्हणून वेलीला न लागणारं आणि तिला लागणारं औषध मिळतं. गाठ ही आईचीच पेशी. जी भोकं, ज्या कात्र्या, जी बीसीएल-२, ती सगळी केसांच्या मुळात, आतड्यात, हाडाच्या मगजात पण आहे, म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी पडतात. बोर्डोसारखं दहा ठिकाणी मारणारं काहीतरी जोरात मारलं की आधी वेलच जळणार.

आता पुरून उरायचे बाकीचे प्रकार. काही पेशी आपल्या भिंतीत पंप बसवतात, पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात, जुलियानो आणि लिंग यांनी १९७६ मधे शोधला, औषध आत आलं की उपसून बाहेर. पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टिन, तिघांची रचना एकमेकाशी जुळत नाही तरी एकच पंप तिघांना फेकतो, त्यामुळं एकाला रेझिस्टंट झालेली गाठ न दिलेल्या औषधाला पण रेझिस्टंट निघते. पंप बंद करायची औषधं लोकांनी वर्षानुवर्षं करून बघितली, हाती फारसं लागलं नाही, कारण तोच पंप आतड्यात, मेंदूच्या वाटेवर, सगळीकडं चांगल्या कामाला आहे. कार्बोप्लॅटिनला हा पंप धरत नाही, त्याला पेशी वेगळं फसवते, आत ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य वाढवते आणि प्लॅटिनम डीएनएपर्यंत जायच्या आधीच त्यालाच चिकटवून टाकते. कुणी बीसीएल-२ वाढवून काठापासून लांब सरकतं. शिवाय गाठीच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, औषध पोचतच नाही धड, जसं दाट कॅनॉपीत ब्लोअरचं औषध आतल्या घडाला लागत नाही.

आणि आईच्या बाबतीत मला सगळ्यात लागू वाटतो तो प्रकार म्हणजे झोपलेल्या पेशी. यांच्यात जीन बदललेली नसते. त्या फक्त विभागणं थांबवून पडून राहतात, आणि कार्बो काय, पॅक्लि काय, विभागणाऱ्या पेशीवरच जोरात चालतात. औषध थांबलं, काही महिने गेले की त्या उठतात आणि त्यांची पिल्लावळ परत औषधाला बळी पडणारीच असते. चौदा महिन्यांनी गाठ आली आणि डॉक्टर तेच औषध परत काढतायत त्यामागं हाच हिशोब आहे. बिया उगवल्या परत, पण तणनाशक लागतंय अजून.

वाईकर_काका

बाळा, एवढं सगळं विज्ञान वाचून दमलो. आईला रोज सकाळी एक चमचा सांगलीची हळद कोमट पाण्यातून आणि सदाफुलीच्या पानांचा रस सुरू कर. हळदीनं कॅन्सरची पेशी मरते हे परदेशी लोकांनी पण मान्य केलंय आणि सदाफुलीपासून तर केमोचं औषधच करतात. मग सरळ पान खाल्लं तर काय वाईट? आमच्या दारात भरपूर आहे.

मिरज_मेडिकल

काका मोठे आहात, राग मानू नका, पण सदाफुलीचा रस देऊ नका कुणाला. ते औषध सापडलं कसं तेच सांगतो. कॅनडात १९५० च्या दशकात नोबल आणि बिअर हे दोघं सदाफुली मधुमेहाला चालते का बघत होते, साखर काय उतरली नाही पण जनावरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड पडल्या, त्यावरून सुचलं की ब्लड कॅन्सरवर बघावं. त्यातून व्हिनब्लास्टिन, व्हिंक्रिस्टिन आली, पोरांच्या ल्युकेमियात आज पण वापरतात. पण व्हिंक्रिस्टिनचा डोस एक-दोन मिलिग्रॅममधे मोजतात हो, आणि पानात त्याचं प्रमाण इतकं थोडं की औषधापुरतं काढायला पानांचे ढीग लागतात, बाकी त्याच पानात दुसरी शंभर द्रव्यं. केमो चालू असलेल्या बाईच्या पांढऱ्या पेशी आधीच खाली, त्यात हा रस म्हणजे बघायलाच नको.

हळदीचं, भाजीत घाला पाहिजे तेवढी, जीआय मिळालेली आपली हळद आहे. कर्क्युमिननं काचेच्या बशीत पेशी मरतात हे खरं, पण पोटातून रक्तात फार थोडं जातं आणि गेलेलं लिव्हर पटकन काढून टाकतं. म्हणून मग लोक जास्त पॉवरच्या कॅप्सूल घेतात, त्यानं काही जणांचं लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. आणि पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं शरीराबाहेर टाकायचं काम त्याच लिव्हरचं.

झाडाचाच अभिमान धरायचा असेल तर हे घ्या. आईला दिलेलं पॅक्लिटॅक्सेल मूळचं पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं, ते वेगळं काढून त्याची रचना १९७१ मधे मांडली त्यात मन्रो वॉल यांच्याबरोबर होते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारात जन्मलेले, मुंबईत शिकलेले, पुढं नॉर्थ कॅरोलिनात गेले. त्याच जोडीनं आधी १९६६ मधे एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. ते द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात पण आहे, तोच नरक्या ज्याची चोरून तोड होते म्हणून अधूनमधून बातमी येते. त्याच्यावरून केलेलं टोपोटेकॅन अंडाशयाच्या कॅन्सरला वापरतात. काका, म्हणून नरक्या पण उकळू नका.

वाईकर_काका

बरं बाबा. भाजीतच घालतो.

हळदपेठ_सांगली

हळदीचा विषय निघाला म्हणून आलो पण माझा अनुभव वेगळ्याच औषधाचा आहे. आमच्या मोठ्या भावाला सीएमएल, म्हणजे रक्ताचाच एक कॅन्सर. इमॅटिनिबची रोज एक गोळी, ना केस गेले ना काय, पाच वर्षं दुकानावर बसायचा, लोकांना पटायचं नाही याला कॅन्सर आहे. मग एक वर्षी रिपोर्टमधला कॅन्सरचा आकडा हळूहळू वर सरकायला लागला. आम्हाला वाटलं गोळ्या खोट्या निघाल्या, दुकानदाराशी भांडून आलो. तसं नव्हतं. डॉक्टरांनी म्युटेशनची टेस्ट केली आणि गोळी बदलून डॅसॅटिनिब केली, आकडा परत खाली. बागायतदार दादांनी ते एका कळीवर बोट ठेवणारं सांगितलं ना, ते वाचून आज मला भावाचं कळलं असं वाटतंय. बरोबर का ताई?

पेशीवाली_सातारा

अगदी बरोबर. इमॅटिनिब २००१ मधे आलं तेव्हा क्रांतीच होती. सीएमएलमधे दोन जीन चुकून जोडल्या जाऊन बीसीआर-एबीएल नावाचं एक प्रथिन तयार होतं, ते पेशीला सारखं 'जग, वाढ, मरू नको' म्हणत राहतं. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खोबणीत किल्लीसारखं बसतं आणि तोंड बंद करतं, आणि त्या बडबडीवरच जगणारी पेशी मग आपोआप काठावरून खाली जाते. पण खोबणीतलं एक अक्षर बदललं की किल्ली बसत नाही. डॅसॅटिनिब थोडी वेगळ्या घाटाची किल्ली, बऱ्याचशा बदललेल्या खोबणीत बसते. टी३१५आय नावाचा एक बदल असा आहे की त्यात ती पण बसत नाही, त्याला तिसरंच औषध लागतं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या जेफिटिनिबची कथा थेट हीच, एका अक्षराच्या बदलाला उत्तर म्हणून ओसिमर्टिनिब आलं आणि पुढं त्याला पण चुकवणारं अक्षर सापडलं. दुकानदाराकडं जाऊन एकदा चहा पिऊन या.

तासगाव_बागायतदार

अजून एकच विचारतो. आमच्यात हल्ली सांगतात की कीड शंभर टक्के मारायच्या मागं लागू नका, सगळी साधी मेली की राहिलेली चिवटच वाढते. मग आईला पण डोस कमी कमी करून, गाठ नुसती दाबून ठेवली तर? त्रास पण कमी होईल असं बायको म्हणते.

पेशीवाली_सातारा

वहिनींना सांगा की फ्लोरिडात गेटनबी नावाचे डॉक्टर आहेत त्यांनी हाच विचार किडीवरूनच घेतला, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग प्रत्येक औषधाला पुरून उरतो ते बघून. चिवट पेशीला पंप चालवायचा, दुरुस्ती करायची खर्च येतो, साध्या पेशी शेजारी असल्या तर त्या तिला जागा देत नाहीत, म्हणून साध्या थोड्या जिवंत ठेवायच्या. त्यांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या थोड्या रुग्णांवर करून बघितलं, २०१७ मधे छापून आलं, पीएसए (प्रोस्टेटची रक्तातली खूण) निम्म्यावर आला की औषध बंद, परत मूळ आकड्यावर गेला की चालू. निकाल आशा वाटावी असे होते. पण तो दुसरा कॅन्सर, दुसरं औषध, दर महिन्याला मोजमाप. तुमच्याकडं अंडाशयात, आणि त्यात पहिल्या खेपेला चांगलं लागू पडलेलं असताना, घरच्या घरी डोस कमी करणं म्हणजे टीबीच्या गोळ्या अर्ध्यात सोडण्यासारखं होईल. टीबीला चार औषधं एकदम का देतात, एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्याला सापडावा म्हणून. १९६० च्या दशकात लहान मुलांच्या ल्युकेमियात चार औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली ती याच हिशोबानं, त्याच्या आधी एकेका औषधानं आजार उतरायचा आणि परत यायचा. आईला कार्बोच्या जोडीला दुसरं देतायत ते त्यासाठीच.

त्रास कमी करायचा असेल तर डॉक्टरांना त्रासच नीट सांगा. आता नेमकं काय होतंय आईला?

तासगाव_बागायतदार

हातापायाला मुंग्या. पहिल्या केमोपासूनच्या आहेत, पूर्ण गेल्याच नाहीत. ब्लाऊजचे हूक लावता येत नाहीत, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, परवा अंगणात एका पायात चप्पल घालून फिरत होती. ती म्हणते वयाचं असेल, डॉक्टरला कशाला सांगायचं, त्यांनी औषध बंद केलं तर.

पेशीवाली_सातारा

सांगायचंच. हे पॅक्लिटॅक्सेलचं आहे. पेशीत बारीक दोऱ्या असतात, विभागताना गुणसूत्रं त्यांनी ओढली जातात. पॅक्लिटॅक्सेल त्या दोऱ्या घट्ट करून ठेवतं, सुटूच देत नाही, त्यामुळं पेशी अर्ध्यात अडकते. (सदाफुलीचं व्हिंक्रिस्टिन उलटं, दोऱ्या जमूच देत नाही, शेवट तोच.) आता मज्जातंतूची पेशी तर विभागत नाही, पण कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत मीटरभर लांब असते आणि सगळा माल त्याच दोऱ्यांवरून जातो. दोऱ्या बिघडल्या की लांबचं टोक आधी उपाशी, म्हणून बोटांपासून सुरू होतं. कार्बोनं पण थोडं होतं. जोडीचं औषध बदलायचं डॉक्टरांनी ठरवलंय त्यात हे पण एक कारण असू शकतं, पण आई जर त्यांना सांगतच नसेल तर त्यांना कळणार कसं?

मिरज_मेडिकल

माझं पण एक लिहून घ्या. कार्बोप्लॅटिन दुसऱ्या फेरीला दिलं की ऍलर्जी यायचं प्रमाण वाढतं, आधी सहा डोस सोसलेल्या बाईला सुद्धा सातव्या आठव्याला येऊ शकते. सलाईन चालू असताना तळहात खाजायला लागले, तोंड लाल झालं, छाती दाटली की लगेच सिस्टरला हाक मारायची, 'बघू थांबू' करायचं नाही. आईला ही खूण आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या म्हणणार वयाचं असेल.

तासगाव_बागायतदार

सगळ्यांचे उपकार. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहिल्यात, बीआरसीए, मुंग्या, जोडीचं औषध कुठलं, आणि खाज आली तर. सोमवारी मिरजेला जायचंय.

रात्री जेवताना आईला पंपाचं आणि झोपलेल्या पेशींचं जमेल तसं सांगितलं, द्राक्षाच्या भाषेत. शांतपणे भाकरी मोडत ऐकून घेतलं आणि म्हणली, "म्हंजे मागल्या खेपेला आतल्या घडाला औषध लागलंच न्हाई म्हण की. मग या वक्ताला जरा दोन्ही बाजूनं मारा म्हणावं, आन् तुज्या बायकूला सांग हूक लावून द्यायला, मला लाज वाटती."